नंबर नसलेली गाडी रस्त्यावर काढण्याआधी

‘ताई, हिला नंबर लागत नाही, लायसन लागत नाही, असं दुकानदारानं सांगितलंय.’ हे वाक्य चोंढीच्या आमच्या दुकानात मी सतत ऐकते. आम्ही बॅटरीवरच्या गाड्या दुरुस्त करतो. नवऱ्याकडे मोटर-बॅटरीचं काम, माझ्याकडे तपासणी, कागदपत्रं आणि पेणच्या आरटीओच्या खेपा. अलिबाग, किहीम, नागाव या पट्ट्यात ई-स्कूटर आणि ई-सायकली वाढल्या, होमस्टेवाल्यांनी एटीव्ही, म्हणजे वाळू-माळावर फिरवायच्या जाड टायरांच्या उघड्या चारचाकी, घेतल्या, मांडव्याच्या रो-रो बोटीतून मुंबईकरांच्या डर्ट बाईक, म्हणजे मातीच्या ट्रॅकसाठीच्या बाईक, यायला लागल्या. यातल्या बऱ्याच गाड्या फाटकाबाहेर पडल्या की बेकायदा ठरतात आणि चालवणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून गाडी घेताना काय बघायचं, कुठे चालवायची आणि कुठे नाही, ते सविस्तर लिहिते.

एक गोष्ट आधी पक्की करून घ्या. कायद्यासाठी गाडी ‘मोटार वाहन’ असते किंवा नसते. मधली जागा नाही. मोटार वाहन असेल तर नोंदणी, नंबर प्लेट, लायसन, विमा, हेल्मेट हे सगळं एकदम लागू होतं. ‘छोटीच तर आहे’, ‘गावातल्या गावात फिरवतो’, ‘पोरांची आहे’ या कारणांनी त्यातलं एकही सुटत नाही.

सूट आहे, पण तिच्या अटी ठरलेल्या आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये बॅटरीवरच्या गाडीची व्याख्या दिली आहे आणि कोणती गाडी मोटार वाहन धरायची नाही तेही तिथेच सांगितलं आहे. मोटरची अर्ध्या तासाची शक्ती २५० वॅटच्या आत हवी. वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत हवा. बॅटरी सोडून वजन ६० किलोपेक्षा जास्त नको. ब्रेक धड हवेत, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हवा. पेडलवाली ई-सायकल असेल तर २५ च्या वेगाला किंवा पेडल मारणं थांबवल्यावर मोटरची मदत आपोआप बंद व्हायला हवी. आणि हे सगळं खरं असल्याचं सरकारमान्य चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र त्या मॉडेलला हवं. आपल्याला सगळ्यात जवळची अशी संस्था म्हणजे पुण्याची एआरएआय. हरियाणातल्या मानेसरच्या आयकॅटचं प्रमाणपत्रही चालतं.

लक्षात घ्या, या सगळ्या अटी एकत्र पुऱ्या व्हाव्या लागतात. वेग २५ च्या आत पण मोटर ८०० वॅटची, तर सूट गेली. मोटर २५० ची पण वेग ४०, तरी गेली.

पेट्रोलच्या छोट्या गाड्यांची कसोटी वेगळी आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार चारपेक्षा कमी चाकं आणि इंजिन २५ सीसीपर्यंत असेल तरच गाडी मोटार वाहन ठरत नाही. मुलांच्या वाढदिवसाला आणतात त्या ‘पॉकेट बाईक’ बहुतेक ४९ सीसीच्या असतात, म्हणजे पूर्ण मोटार वाहन. आणि मुलांची चारचाकी एटीव्ही कितीही लहान इंजिनाची असली तरी तिला ही सूट नाहीच, कारण चाकं चार आहेत.

उभं राहून चालवायच्या ई-स्कूटरला आपल्याकडे वेगळा नियम नाही, तिलाही वरचीच फूटपट्टी. ऑनलाइन मागवलेल्या अशा स्कूटरबरोबर चाचणीचं प्रमाणपत्र येत नसेल, तर ती सोसायटीच्या किंवा वाडीच्या आवारातच राहू द्या.

आता दुकानात उभं राहून काय तपासायचं. माझा आग्रह आहे की पैसे देण्याआधी पंधरा मिनिटं यावर घालवावीच.

सुरुवात प्रमाणपत्रापासून. ‘आमची कंपनी मान्यताप्राप्त आहे’ हे उत्तर नव्हे. प्रमाणपत्राची प्रत मागा आणि त्यावरचं मॉडेलचं नाव गाडीवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळवून बघा. पुष्कळदा प्रमाणपत्र एका मॉडेलचं असतं आणि शोरूममध्ये उभी असते त्याच नावापुढे ‘प्रो’ किंवा ‘मॅक्स’ लावलेली दुसरीच गाडी, जिची बॅटरीही वेगळी आणि मोटरही. बिलावर पूर्ण मॉडेल, चासी नंबर, मोटरची शक्ती लिहून घ्या. लिहायला कां-कूं करणारा दुकानदार असेल तर तिथूनच मागे फिरा.

मग सीट उचलायला सांगा. खाली काळी, पट्ट्यापट्ट्यांची अ‍ॅल्युमिनियमची एक डबी असते, तो मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा कंट्रोलर. त्यावरच्या स्टिकरवर व्होल्ट आणि जास्तीत जास्त अँपिअर छापलेले असतात. दोन आकड्यांचा गुणाकार करा. ४८ व्होल्ट आणि १५ अँपिअर म्हणजे ७२० वॅट. हे बघून घाबरू नका. चढावर किंवा उभ्या जागेवरून उठताना मोटर काही क्षण जास्त वीज ओढते, आणि नियमातला २५० चा आकडा सलग अर्धा तास मिळणाऱ्या शक्तीचा आहे. पण तिथे ६० व्होल्ट आणि ३० अँपिअर दिसलं, म्हणजे १८०० वॅट, आणि गाडीवर मात्र ‘२५० वॅट’ चिकटवलेलं असेल, तर त्या स्टिकरवर विश्वास ठेवायला माझं मन होत नाही. अशी गाडी दोन माणसं घेऊन कार्ल्याच्या खिंडीत सहज चढते. २५० वॅटची गाडी तशी चढू शकत नाही.

त्याच कंट्रोलरमधून निघणाऱ्या वायरींच्या जुडग्यात एक बारीक, बहुतेक वेळा पांढरी, वायर असते. स्वतःवरच वळून परत आलेली, मध्ये छोटा जोड. ही वेगाची मर्यादा. काही कंट्रोलरमध्ये जोड लावलेला असला की वेग अडतो, काहींमध्ये सोडलेला असला की. कारखान्यातून आलेली जोडणी कशी आहे ते विचारा. वायर कापून टेप गुंडाळलेली दिसली तर कुणीतरी आधीच ‘लॉक काढलेला’ आहे. नव्या गाड्यांत हेच काम रिमोटच्या बटणावर किंवा अ‍ॅपमध्ये लपवलेलं असतं: तीन वेळा दाबा, तिसरा स्पीड सुरू. विक्रेता हे कानात सांगतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण तो क्षण असा असतो की त्यापुढे तुमची गाडी बिननोंदणीचं मोटार वाहन झालेली असते. २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन विभागानं अशाच बदल केलेल्या ई-बाईकविरुद्ध तपासणी मोहीम काढली होती.

वेग मोजायचा तर स्टँडवर नको. चाक हवेत असलं की आकडा जास्तच येतो. स्टँडवर २८ दाखवणारी गाडी माणूस बसल्यावर २४ वर राहू शकते. बॅटरी पूर्ण भरलेली हवी, जागा सपाट आणि खासगी हवी, फोनमध्ये जीपीएसचं अ‍ॅप चालू ठेवून एकदा जाताना आणि एकदा येताना मोजा, म्हणजे वाऱ्याचा फरक निघून जातो. गाडीच्या मीटरवर जाऊ नका.

तुम्हाला वेगवान गाडीच हवी असेल तर ती घ्या, नंबरवाली घ्या. त्यात वाईट काही नाही, उलट वडखळ-अलिबागसारख्या रस्त्यावर ट्रकांच्या मधून २५ च्या वेगानं जाण्यापेक्षा ती जास्त सुरक्षित. खासगी बॅटरी गाडीला हिरव्या पाटीवर पांढरे आकडे येतात. फॉर्म २१ म्हणजे विक्रीचा दाखला आणि फॉर्म २२ म्हणजे कंपनीनं दिलेला गाडी रस्त्यालायक असल्याचा दाखला, हे दोन्ही मिळाले की नोंदणीची वाट मोकळी. लायसन बिनगिअरच्या दुचाकीचं लागतं. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा नोंदणीच्या वेळीच घ्यावा लागतो. बॅटरी एआयएस-१५६ या सुरक्षा मानकाची आहे का तेही विचारा. ई-स्कूटरना आगी लागल्यानंतर त्या मानकाच्या अटी डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत कडक केल्या गेल्या. एक लक्षात असू द्या, नंबर असला तरी अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर दुचाकीला मज्जाव आहे.

आता मुलांबद्दल. नववी-दहावीच्या मुलाला क्लासला जायला ई-स्कूटर घेऊन देणारे आई-बाबा आमच्याकडे दर जूनमध्ये येतात. गाडी खरोखर वरच्या सवलतीत बसणारी असेल तर लायसनचा प्रश्न येत नाही. पण ती ४० नं पळत असेल, तर मूल मोटार वाहन चालवतंय आणि मोटार वाहन कायद्याचं कलम १९९अ थेट पालकावर किंवा गाडीमालकावर येतं: तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. शिवाय त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही. आपल्याला माहीतच नव्हतं, हे पालकानं सिद्ध करावं लागतं, आणि बिल स्वतःच्या नावावर असताना ते कसं करणार? एका वहिनींना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘अगं, सगळेच देतात की.’ मी त्यांच्यासमोर पांढऱ्या वायरीचा जोड पुन्हा बसवून दिला आणि मुलाला सांगितलं की वेग वाढवायला माझ्याकडे येऊ नकोस, अठरा पूर्ण झाल्यावर लायसन काढायला ये, फॉर्म मी भरून देईन.

दंडाचं म्हणाल तर बिननोंदणीची गाडी चालवल्याबद्दल कायद्यात पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये आहेत, पुन्हा सापडलात तर ५,००० ते १०,००० किंवा एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही. लायसन नसल्याचे ५,००० वेगळे. विमा नसल्याचे पहिल्यांदा २,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद. पण मला दंडापेक्षा विम्याची काळजी जास्त वाटते. दंड भरून माणूस घरी येतो. बिनविम्याच्या गाडीनं कुणाला उडवलं तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जी भरपाई ठरवेल ती मालकानं स्वतःच्या खिशातून द्यायची. जखमी माणसाचं तर आणखी वाईट, त्याला पैसे देणारी कंपनीच नसते. मालकाकडे वाडी असली तर ती विकायची वेळ येते, नसली तर समोरच्याला काहीच मिळत नाही.

एटीव्ही आणि डर्ट बाईकचं उत्तर त्यामानानं सरळ आहे. फॉर्म २२ नसेल तर नोंदणी नाही, नोंदणी नाही तर रस्ता नाही. कावासाकीच्या केएक्ससारख्या शर्यतीच्या बाईकना हेडलाइट नसतो, इंडिकेटर नसतो, त्या बनवल्याच ट्रॅकसाठी. बाहेरून दिवे आणि भोंगा लावून आणले म्हणून आरटीओ नंबर देत नाही, मान्यता मॉडेलला असते. डोंगर-माळावर जायचंच असेल तर नंबर मिळणाऱ्या ऑफ-रोड बाईक आहेत, हीरोची एक्सपल्स घ्या. एटीव्हीत अपवाद म्हणून पोलारिसनं स्पोर्ट्समन ५७० शेतीचा ट्रॅक्टर म्हणून प्रमाणित करून भारतात आणली होती. पण बाजारात भाड्याला फिरतात त्या १०० ते २०० सीसीच्या एटीव्हींना तसा दाखला नसतो. बजाज क्यूटला चार चाकं असून नंबर मिळतो तो सरकारनं क्वाड्रिसायकल हा वेगळा वर्ग केला आणि २०१८ मध्ये तो खासगी वापरालाही खुला केला म्हणून, त्याच्याशी एटीव्हीचा संबंध नाही.

लोकांची गडबड होते ती ‘रस्ता’ म्हणजे काय इथे. कायद्यात शब्द ‘सार्वजनिक जागा’ असा आहे, आणि लोकांना जाण्या-येण्याचा हक्क असलेली कोणतीही जागा त्यात येते. डांबर हवंच असं नाही. पाणंद, देवळापुढचं पटांगण, बाजाराची मोकळी जागा आणि समुद्रकिनारासुद्धा. होमस्टेचं फाटक ते पुळण एवढं शंभर पावलांचं अंतरही सार्वजनिक जागेतच असतं. आपल्या दोन वाड्यांच्या मधला रस्ता ओलांडणं हेही चालवणंच झालं.

आणि डांबरावर एटीव्ही का नको याचं कारण नुसतं कागदाचं नाही. एखादी एटीव्ही उभी असेल तेव्हा मागच्या चाकांकडे वाकून बघा. भाड्याच्या छोट्या एटीव्हीत दोन्ही मागची चाकं एकाच सलग लोखंडी दांड्यावर घट्ट बसवलेली असतात, मध्ये दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारं डिफरन्शियल नसतं. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं आणि आतल्याला कमी, पण दोघांनाही सारखंच फिरावं लागतं. वाळूत आतलं चाक थोडं घसरतं आणि भागून जातं. डांबरावर रबर पकडून ठेवतं, त्यामुळे गाडी वळायलाच तयार होत नाही, सरळ पुढे ढकलत जाते. चालवणारा घाबरून हँडल आणखी फिरवतो, मग आतलं चाक उचलतं आणि गाडी कलंडते. टायरही बघा: हवेचा दाब टायरच्या कडेला छापलेला असतो, चार-पाच पीएसआय, मोटारीच्या टायरच्या सहाव्या-सातव्या हिश्शाइतका. वाळूवर पसरायला तो मऊपणा चांगला, ३० च्या वेगाला डांबरावर तोच टायर डुलतो. त्यातून मागे एक पाहुणा बसवलेला, पुढे लहान मूल, अंगठ्यानं दाबायचा थ्रॉटल मुलाच्या हातात. बहुतेक एटीव्हींवर एकाच माणसासाठी असल्याचं चित्र टाकीवर छापलेलं असतं, ते शोभेचं नाही.

होमस्टेवाल्यांना माझं सांगणं असं. एटीव्ही ठेवायची तर आपल्या कुंपणाच्या आत ट्रॅक आखा. वळणावर जुन्या टायरांची रांग लावा, नारळाची झाडं ट्रॅकपासून लांब असू द्या, हेल्मेट लहान-मोठ्या मापांची ठेवा, मुलांच्या गाडीला थ्रॉटलचा मर्यादा-स्क्रू असतो तो आवळून ठेवा. विमा कंपनीकडे सार्वजनिक दायित्वाच्या पॉलिसीची चौकशी करा आणि त्यात एटीव्हीची राईड धरली आहे असं लेखी घ्या. एका ठिकाणाहून दुसरीकडे न्यायची तर छोटा हत्ती टेम्पो बोलवा. चढवायला दोन रुंद फळ्या, मध्ये लोखंडी पट्टीचा आधार, फळीचं वरचं टोक हौद्याला साखळीनं बांधलेलं, कारण गाडी अर्ध्यावर आली की फळी मागे सरकते आणि तिथेच पाय मोडतात. वर गेल्यावर गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक लावा, चार कोपऱ्यांना रॅचेटचे पट्टे लावून स्प्रिंग थोडी दबेपर्यंत ओढा. सुतळीवर भागवू नका.

किनाऱ्याबद्दल मला वेगळं बोलायचं आहे. नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले कासवं कोकणच्या आणि गोव्याच्या किनाऱ्यांवर अंडी घालायला येतात. वेळास, आंजर्ले, गुहागर, तिकडे मोरजी, आगोंद, गालजीबाग. वाळूखाली हातभर खोल घरटं असतं, वरून दिसत नाही. टायर वरून गेला तर अंडी दबतात, आणि चाकोऱ्या पडल्या तर तळहातापेक्षा लहान पिल्लू त्या चरातून बाहेर येऊ शकत नाही, समुद्राकडे जायचं सोडून चरातच फिरत राहतं आणि कावळ्या-कुत्र्यांच्या तोंडी जातं. गोव्यानं २०२२ मध्ये किनाऱ्यावर चारचाकी नेण्याविरुद्ध आदेश काढले. आपल्याकडे कुणी अडवलं नाही म्हणून गाडी पुळणीवर घालू नका. फणसाड अभयारण्यात किंवा वनखात्याच्या इतर जमिनीवरही परवानगीशिवाय डर्ट बाईक घालणं तितकंच चूक आहे.

सवलतीत बसणारी खरी गाडी असेल तरी रस्त्यावर काही पथ्यं पाळायचीच. हेल्मेटची सक्ती तिला नाही, पण २५ च्या वेगाला डोकं आपटलं तर काय होतं ते मी बघितलेलं आहे, म्हणून हेल्मेट घाला. डावीकडे राहा, पण कडेच्या खडीवर उतरू नका, चाक बारीक असतं आणि खडीत घसरतं. महामार्गावर जाऊ नका. उलट्या दिशेनं अजिबात नको. बॅटरीची गाडी आवाज करत नाही, म्हाताऱ्या माणसाला ती मागून आलेली कळत नाही, तेव्हा घंटी किंवा भोंगा लांबूनच वाजवा. रिफ्लेक्टर दर आठवड्याला पुसा, आमच्या खाऱ्या हवेत ते लवकर मळतात. आणि सूट मिळाली म्हणजे कायद्यातून सुटका झाली असंही नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ मध्ये बेदरकारपणे ‘कोणतंही वाहन’ चालवणं गुन्हा आहे, त्यात सायकलही आली. पोलिसांनी थांबवलं तर वाद घालू नका, प्रमाणपत्राची प्रत आणि बिल सीटखाली प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेलं असेल ते दाखवा. नंबरवाल्या गाडीचे कागद डिजिलॉकरमध्ये किंवा एमपरिवहन अ‍ॅपमध्ये असले तरी ग्राह्य धरतात.

आणि ज्यांनी ‘नंबर लागत नाही’ यावर विश्वास ठेवून आधीच चुकीची गाडी घेतली आहे त्यांच्यासाठी. ती चालवणं आधी थांबवा. दुकानदाराला लेखी कळवा: मॉडेलचं प्रमाणपत्र द्या, नाहीतर नोंदणी करून द्या, नाहीतर गाडी परत घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलंत तरी चालेल, पण तारीख दिसू द्या आणि जाहिरातीचा फोटो, बिल, वेगाच्या चाचणीचा व्हिडिओ जपून ठेवा. उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथेही काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, रायगडचा आयोग अलिबागलाच आहे. तक्रारीला तिचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, तेव्हा पावसाळा संपू दे, दिवाळी होऊ दे असं करत बसू नका. आरटीओतही दुकानाविरुद्ध अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. ही गाडी दुसऱ्या कुणाला विकून मोकळं व्हायचा सल्ला देणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका, कारण उद्या त्या गाडीवर दुसऱ्याचं मूल बसणार आहे.